देवाचं भय गेलं तर?

प्रश्न : ताई, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात एकदा शांतपणे म्हणाला, "आई, मी देव मानत नाही." वाद नाही, भांडण नाही. तसा गुणी आहे. आजोबा अंथरुणाला खिळलेत, तर रात्रीतून दोनदा-तीनदा उठून त्यांची कूस बदलतो. पण तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. देवाचं भय गेलं की माणसाला वाईट वागण्यापासून अडवणार कोण? श्रद्धेशिवाय संस्कार टिकतात का?
– एक आई

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला माझी एक जुनी नाईट ड्युटी आठवली. ३१ वर्षं मी नर्स होते. देव तेव्हाही मानत होते, आजही मानते. त्या रात्री दोनचा अँटिबायोटिकचा डोस एका पेशंटला द्यायचा राहून गेला. लक्षात आलं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मी इंजेक्शन दिलं, चार्टवर वेळ लिहिली 'दोन' आणि खाली सही ठोकली. सकाळी पर्समधल्या देवाच्या फोटोपुढे हात जोडून "चुकले" म्हणाले. मन हलकं झालं. घरी जाऊन गाढ झोपले.

पुढे काही महिन्यांनी माझ्या जोडीच्या सिस्टरच्या हातून अगदी हीच चूक झाली. ती देव मानत नसे. तिने खरी वेळ लिहिली, झोपलेल्या डॉक्टरांना उठवलं, त्यांची बोलणी खाल्ली आणि सकाळी हँडओव्हरमध्ये सगळ्यांसमोर सांगूनही टाकलं. मी विचारलं, "अगं, कुणाला कळणार होतं?" ती म्हणाली, "पुढचा डोस कधी द्यायचा ते या वेळेवरून ठरतं ना गं!"

त्या वाक्याने मला आतून हलवलं. मी माफी मागितली होती देवाची. पण चूक झाली होती ती पलंगावर झोपलेल्या माणसाच्या बाबतीत, आणि त्याचा मला विसरच पडला होता.

म्हणून नास्तिकच खरे चांगले, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे एक वॉर्डबॉय होता. बेवारस मृतदेह पुसताना तो तोंडाने नामस्मरण करायचा. जिथे बाकीचे नाक दाबून बाहेर पळायचे, तिथे हा प्रत्येक बोट पुसून काढायचा. त्याला ते बळ श्रद्धेनेच दिलं होतं. ते मी कसं नाकारू?

पण नुसती श्रद्धा पुरेशी नसते, हेही तितकंच खरं. १९७३ साली अमेरिकेत प्रिन्स्टन इथल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० विद्यार्थ्यांना एकेक करून भाषणासाठी शेजारच्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला. भरपूर वेळ आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. उशीर झालाय म्हणून ज्यांना पिटाळलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. काहींचं भाषण तर वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवरच होतं. तरी म्हणावा असा फरक पडला नाही. माझ्या त्या रात्रीतही घाईच होती, म्हणून हे मला चटकन पटतं.

तुमचा प्रश्न जुना आहे. सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच्या सॉक्रेटिसच्या तोंडी हाच पेच येतो : देवांना आवडतं म्हणून एखादी गोष्ट चांगली, की मुळात चांगली म्हणून ती देवांना आवडते? मला दुसरं पटतं. तसं असेल तर ते चांगलं ओळखायची वाट देव न मानणाऱ्यालाही मोकळीच आहे. बौद्ध आणि जैन परंपरांमध्ये जग निर्माण करणारा ईश्वर नाही, पण अहिंसेचा आग्रह केवढा!

आणि भयाचं म्हणाल, तर भयाला पळवाटा फार. मी त्या सकाळी एक शोधलीच होती.

तुमच्या पत्रातली आजोबांची ओळ मी परत परत वाचली. तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. हे काम पगार घेऊन करतानाही मी कंटाळलेली आहे. तुमचा मुलगा ते अर्ध्या झोपेतून उठून करतो, बघायला कुणी नसताना. त्याला "देव का मानत नाहीस" हे नंतर कधीही विचारता येईल. आज रात्री तो उठला की तुम्हीही उठा आणि चादरीचं दुसरं टोक धरा. दोघांनी मिळून वळवलं की आजोबांच्या कातडीला ओढ कमी बसते.