आधी बँक, मग आत्मविश्वास

"माझ्यात आत्मविश्वासच नाही हो. तो कसा वाढवायचा तेवढं सांगा, मग मी सगळं करीन." महिन्यातून तीन-चार जण तरी हे वाक्य घेऊन माझ्यासमोर बसतात. कधी मुलाखतीला घाबरणारा पदवीधर असतो, कधी बाळंतपणानंतर पुन्हा नोकरीवर जाऊ पाहणारी बाई. आज सांगते ती गोष्ट चौसष्ट वर्षांच्या एका काकूंची. परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकूंचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन काकूंच्या खात्यात जमा होऊ लागलं, पण काढणार कोण? दर महिन्याला लेक पुण्याहून साताऱ्याला यायची, स्लिप भरायची, आईची सही घ्यायची. वर्षभरानं तिच्या रजा संपल्या तेव्हा ती आईला माझ्याकडे घेऊन आली. "बँकेच्या पायरीवरच हिला घाम फुटतो," लेक म्हणाली. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "हिशेबातलं मला काही कळत नाही."

मी विषय बदलला. गावाकडे होतात तेव्हा दिवस कसा जायचा? काकू सैलावल्या. दोन म्हशी होत्या. पहाटे धारा काढून किटली घेऊन डेअरीवर जायचं. "फॅट कमी लावलं की मी तिथनं हलायचेच नाही. म्हणायचे, परत लाव. सरकी घालते मी म्हशीला, साडेसहाच्या खाली येईलच कसं?" दहा दिवसांचं बिल त्या तोंडी करायच्या, आणि चुकलं तर डेअरीवाल्याचं चुकायचं.

आणि हिशेब कळत नाही म्हणे! मी तसं बोलून दाखवलं, तर हसून म्हणाल्या, "त्यात काय, ते करावंच लागायचं."

या 'करावंच लागायचं'चा मला मनापासून राग आहे. आपल्या बायका आयुष्यभराची कमाई या दोन शब्दांत खोडून टाकतात. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलं, की 'हे मला जमेल' हा विश्वास मुख्यतः चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहिल्यानं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्यानं, कुणी धीर दिल्यानं, आणि छातीतल्या धडधडीचा आपण जो अर्थ लावतो त्यातून. यातली पहिली वाट सगळ्यांत भक्कम. पण केलेलं काम आपल्या नावावर जमा करायला हवं, नाहीतर ते असून नसल्यासारखं. बांडुरांनी सापाला घाबरणाऱ्या लोकांबरोबरही काम केलं होतं. आधी कुणीतरी सोबत राहायचं, साप हाताळून दाखवायचं, मग मदत हळूहळू काढून घ्यायची. काकूंचा साप म्हणजे बँकेची खिडकी.

आम्ही पायऱ्या ठरवल्या. पहिल्या खेपेला फक्त पासबुक छापून आणायचं, लेक बाहेर बाकावर बसेल. काकूंनी यंत्रात पासबुक उलटं घातलं, ते परत आलं. मागच्या मुलानं बारकोडची बाजू दाखवली. छापलेलं पासबुक त्यांनी मला असं दाखवलं, की जणू दहावीचा निकाल. मग घरी कोऱ्या स्लिपांवर सराव. अक्षरी रक्कम लिहिताना 'फक्त' कुठे लिहायचं, इथपर्यंत.

मग त्या एकट्या गेल्या आणि सही जुळत नाही म्हणून स्लिप परत आली. खातं उघडताना त्यांनी पूर्ण नाव लिहिलं होतं, आता आडनावापर्यंत पोचायच्या आधीच हात थांबत होता. रांगेतल्या कुणीतरी "आजी, घरच्यांना पाठवा ना" म्हटलं. दोन आठवडे काकू माझ्याकडे फिरकल्याच नाहीत.

यात चूक माझीही होती. मी पायऱ्या सोप्या ठेवत गेले, वर कौतुकही फार केलं. अडलं तर काय करायचं, हे आम्ही बोललोच नव्हतो. नुसत्या सोप्या यशावर उभा राहिलेला विश्वास पहिल्या ठेचेला बसतो. लेकीचा फोन आला, "या महिन्यात मीच काढून देते, उगाच तिला त्रास नको." मी म्हटलं, पैसे तुम्ही पाठवा हवं तर, पण बँकेत जाऊ नका. ती जरा दुखावली.

काकू आल्या तेव्हा मी धीर वगैरे काही दिला नाही. एवढंच विचारलं, "डेअरीवाला ऐकायचा नाही, तेव्हा काय करायचात?" त्या बराच वेळ गप्प होत्या. पुढच्या सोमवारी आधार कार्ड आणि फोटो घेऊन त्या बँकेत गेल्या, नव्या सहीचा अर्ज दिला. काम दोन हेलपाट्यांनी झालं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता. तो आता अंगठा लावूनही देता येतो. त्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला, आवाज चढलेला.

"यंत्र अंगठाच घेईना. भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे माझ्या? मागं ही रांग. धडधडलं बघा."

"मग?"

"मग काय, म्हटलं परत लावा. तीनदा लावला. नाही घेतला तेव्हा म्हटलं, मी जिवंत समोर उभी आहे, कागदाचा फॉर्म द्या, सही करते."

"दिला का त्यांनी?"

"न देऊन सांगतो कुणाला!"