विकी बंद कर आणि होडी बांध

अरे बाबा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. माइनक्राफ्टमधे सगळं झालं, ड्रॅगन मारून झाला, डायमंडचं चिलखत झालं, आता बोअर होतंय, दादा पुढचा गेम सांगा. सांगतो रे, पण आधी थोडं ऐकून घे.

तू खेळतोस कसा ते मी चवथीला तुमच्याकडे आलेलो तेव्हा मागे बसून बघितलंय. लॅपटॉपवर गेम आणि बाजूला मोबाइलवर गेमची विकी नाहीतर व्हिडिओ चालू, त्यातला माणूस म्हणतो वाय (म्हणजे उंची-खोलीचा आकडा) मायनस 59 ला जा आणि सरळ बोगदा खणत सूट, की तू निघालास खणायला. डायमंड मिळणारच, 2021 च्या अपडेटने जग मायनस 64 पर्यंत खोल नेलंय आणि जितकं खाली जाशील तितके डायमंड जास्त. पण शोधलं कोणीतरी भलत्यानेच, तू फक्त मजुरी केलीस. मग बोअर होणार नाही तर काय होणार?

माझं सरळ मत आहे, ह्या गेम्सची मजा अडून बसण्यात असते. हातात धड काही नाही, अंधार पडतोय (अख्खा दिवस आणि रात्र मिळून 20 मिनिटं, म्हणजे चांगला उजेड दहा मिनिटं धर), आणि आपण डोंगराच्या पोटात भोक पाडून तोंडावर माती लावून आत बसलोय, बाहेर कोण आहे ते फक्त आवाजावरून ओळखायचं. त्या भोकात बसून जे डोकं चालतं ना, ते नंतर हिऱ्यांच्या पेट्या भरल्या तरी चालत नाही.

मी खेळायला लागलो तेव्हा माइनक्राफ्टमधे रेसिपी बुक (कुठली वस्तू कशी बनवायची ते दाखवणारं पुस्तक) नव्हतंच, ते 2017 ला आलं. तीन बाय तीनची चौकट आणि आपली अक्कल, बस. वर ओळीने तीन फळ्या, खाली मधोमध दोन काठ्या, नीट बघ, कुदळच दिसते ना? शिडीला सात काठ्या, त्याही शिडीसारख्याच लावायच्या. बादलीला लोखंडाचे तीन तुकडे, दोन वर एक खाली. भट्टीला मधलं घर रिकामं आणि भोवती आठ दगड. ज्याने हे ठरवलं त्याने वस्तूचा आकारच रेसिपीत ठेवलाय, म्हणून अंदाज लागतो, आणि होडी अशी अंदाजाने जमली की खुर्चीतून उठून घरभर सांगत फिरावंसं वाटतं (मी सांगितलेलं, कोणाला काही कळलं नाही).

माटोळीचंच बघ, चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधतो ती. सामान सगळं बाजारात मिळतं, आदल्या दिवशी पैसे मोजले की कवंडाळं, कांगलां, बांधायला केवण, सगळं पिशवीत घेऊन घरी. पण तुझ्या आजोबांबरोबर जो एकदा रानात गेला त्याला कुठल्या उतारावर काय मिळतं ते कायमचं कळतं, आणि वाटेत जे दिसतं त्याचा तर हिशेबच नाही. तू सध्या बाजारवाला आहेस.

तर आता गेम. पहिला सबनॉटिका, 2018 चा. परग्रहावरच्या समुद्रात पडतोस आणि सुरुवातीला दम जेमतेम 45 सेकंदांचा. खाली तांबं दिसतंय, हात पोचतोय, आणि कानात ऑक्सिजन संपत आल्याची सूचना, तेव्हा वर जायचं की अजून एक दगड फोडायचा हे ठरवण्यातच सगळा गेम आहे. मारायला बंदूक दिलेलीच नाही, मुद्दाम दिलेली नाही. अख्ख्या जगाचा नकाशा पण नाही, बीकन (खुणेचे दिवे) बनवून आपणच खुणा पेरायच्या, नाहीतर वर येऊन ते जळतं ऑरोरा जहाज कुठे दिसतंय त्यावरून दिशा धरायची, आपले रापणकार (जाळं ओढणारे मच्छीमार) किनाऱ्यावरची टेकडी, चर्च बघून धरतात तशी. हेडफोन लावून खेळ, आणि ऑरोराच्या आसपास पाणी गढूळ दिसायला लागलं आणि काही ओरडल्याचं ऐकू आलं तर कोण आहे ते बघायला थांबू नकोस. एवढं एकच सांगतो, बाकी सांगणार नाही.

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम छान आहे, एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त बसून बनवलाय, पण तो आईला दे, तिला आवडेल. नो मॅन्स स्कायमधे 18 वर अठरा शून्यं एवढे ग्रह आहेत म्हणतात, मला थोडे बघितल्यावर पुढचा कसा असेल त्याचा अंदाज यायला लागला आणि मी सोडला, तुझं वेगळं असू शकेल.

खरा तुझ्यासाठी व्हॅलहाइम, व्हायकिंग लोकांचा गेम. त्यात पोर्टल बांधून क्षणात लांब जाता येतं, पण तांबं, कथील, लोखंड पोर्टलमधून जात नाही. दलदलीतल्या तळघरांतून लोखंड काढायचं आणि मग ते होडीत घालून समुद्रातून घरी आणायचं, लहान होडीत चारच खाने, वारा उलटा असला की शीड उपयोगाचं नाही, वल्हवत बसा, त्यात रात्र झाली आणि समुद्री सर्पाने गाठलं तर होडी फुटून माल पाण्यात. लोक ह्यावर खूप कुरकुरले, 2023 पासून सेटिंगमधे सगळं पोर्टलमधून न्यायची सोय पण आली. ती चालू करू नकोस. ती केली की समुद्राला काही कामच उरत नाही, बेट असलं काय नि नसलं काय.

आणि माइनक्राफ्ट टाकू नकोस एवढ्यात. ते युरोपातले किल्ले कॉपी करणं बंद कर आणि आपलं घर बांध, पुढे बलकांव (बसायची ओसरी), मधे राजांगण (आतलं अंगण), तुळस. चिऱ्याला जवळचा रंग टेराकोटात मिळेल, त्यासाठी साधी माती नाही, चिकणमाती (क्ले) खणून भट्टीत भाजावी लागते. कौलांना विटांच्या पायऱ्या उलटसुलट लावून बघ, उतार बरोबर येतो. ह्याचा व्हिडिओ सापडणार नाही तुला, बरंच आहे.

लॅपटॉप तापतो म्हणालास, रेंडर डिस्टन्स (किती लांबचं दिसतं ती सेटिंग) 8 वर आण, फरक पडेल. पावसात लाइट जाते तेव्हा बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडून सेव्ह खराब होण्याचं टेन्शन असतं, तर वर्ल्डच्या फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर ठेवत जा. आणि परीक्षेचं मी काही बोलत नाही, ते बोलायला घरात माणसं आहेत.

शनिवारी रात्री जेवून झाल्यावर मी व्हॅलहाइमचा सर्व्हर चालू करतो. होडी बांधायला ब्राँझचे खिळे माझ्याकडे आहेत, राळ आणि हरणाची कातडी तू गोळा करून आण, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

तुझा,
दादा