हिंजवडीत आयटी सर्व्हिस कंपनीत दीड वर्ष झालंय, जॉब स्विच करू की थांबू?
दीड वर्षात स्विच केला म्हणून सहसा कोणी रिजेक्ट करत नाही रे, काम काय करतोयस ते बघ. नुसती सपोर्टची तिकिटं बंद करण्यातच दिवस जात असेल तर पगार बरा असला तरी नीघ. आणि मोठी कंपनी म्हणजे सेफ हे डोक्यातून काढ, टीसीएसनेच २०२५ मध्ये साधारण १२ हजार लोक कमी करणार म्हणून सांगितलं, वर बेंचची, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून राहण्याची, मर्यादा वर्षाला ३५ दिवसांवर आणली. फक्त ऑफर लेटर हातात आल्याशिवाय पेपर टाकू (राजीनामा देऊ) नकोस, ९० दिवसांचा नोटीस पिरियड असेल तर बायआउट (पैसे भरून लवकर सुटणं) होतं का ते आधीच विचार, बॉन्ड (ठरावीक काळ न सोडण्याचा करार) असेल तर तोही नीट वाच. पीएफ मात्र काढू नकोस, ट्रान्सफर कर, पाच वर्षांच्या आत काढला की सहसा टॅक्स लागतो.