सोलापूरहून नोकरीसाठी दुबईला आले आहे. मुस्लिम नाही, पण ऑफिसातल्या मैत्रिणींसोबत दोन-तीन रोजे धरायचे आहेत. कसे धरावेत, काय सांभाळावं?

ताई, जरूर धरा. मुस्लिम नसलेल्या माणसाने रोजा धरला म्हणून कुणाला राग येत नाही. सोलापूर भागात मोहरमला पंजांपुढे नवस फेडणारी हिंदू घरं कितीतरी आहेत, तेव्हा आपल्याकडे यात नवल नाहीच. फक्त ज्या मैत्रिणीसोबत धरायचा, तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा. ती सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, फोन करून उठवेल आणि इफ्तारला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडताना, तुमची जागा धरेल.

आपल्या उपवासाची सवय मात्र बाजूला ठेवावी लागते. साबुदाणा नाही, भगर नाही, चहा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. फजरची (पहाटेच्या नमाजची) वेळ लागल्यापासून सूर्य मावळेपर्यंत पोटात काही जायला नको. औषधाची गोळी, सिगारेट, च्युइंगगम यांनीही रोजा मोडतो. ब्रश केला तरी चालतो, पण पेस्ट गिळली जाऊ नये, म्हणून सहरी संपायच्या आतच दात घासून घेतलेले बरे. विसरून काही खाल्लं-प्यायलं तर रोजा मोडत नाही. लक्षात येताक्षणी तोंडातलं थुंकून टाकायचं, चूळ भरायची आणि पुढे चालू ठेवायचा. नव्या माणसाचा हात टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे हमखास जातो, तेव्हा बाटली ड्रॉवरमध्ये ठेवा. पण रोजा लक्षात असताना चूळ भरली आणि पाणी चुकून घशात गेलं, तर आपल्याकडचे बहुतेक मुस्लिम मानतात त्या हनफी पंथाच्या मताप्रमाणे तो मोडतो. म्हणून दिवसा खळखळून गुळण्या करू नयेत.

वेळ पाहताना एक घोळ होतो. तिकडच्या वेळापत्रकात ‘इम्साक’ आणि ‘फजर’ अशा दोन वेळा असतात. इम्साक साधारण १० मिनिटं आधीची, सावधगिरीची वेळ. खरी हद्द फजरची. नव्या माणसाने इम्साकलाच हात धुवावेत, म्हणजे शेवटच्या घोटाची घाई होत नाही. संध्याकाळी मात्र अंदाजाने सोडू नका, अजान किंवा तोफ ऐकूनच सोडा. दुबईत इफ्तारला अजूनही तोफ उडवतात. उंचीचाही फरक पडतो. २०११ मध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की बुर्ज खलिफात ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी २ मिनिटं आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी ३ मिनिटं उशिरा रोजा सोडावा, कारण तिथून सूर्य जास्त वेळ दिसतो.

आता पाणी. रोजा निभतो तो रात्रीच्या पाण्यावर, आणि चूक नेमकी इथेच होते. लोक सहरीला उठून एकदम लिटरभर पाणी पितात. ते दोन तासांत लघवीवाटे निघून जातं आणि दुपारी घशाला कोरड पडते ती पडतेच. इफ्तारला २ ग्लास, मग झोपेपर्यंत दर तासाला एक असे ४ ते ५, आणि सहरीला २ ग्लास. एवढं पुरतं.

सहरी टाळून, रात्री उशिरा जेवून सरळ झोपायचं असं करू नका. दुपारी तीननंतर हातपाय गळतात ते त्यामुळेच. सोलापूरहून कडक भाकऱ्या नेल्या असतील तर त्यासारखी सोय नाही. एक भाकरी कुस्करून गरम वरणात किंवा दुधात १० मिनिटं भिजवा, चांगली मऊ होऊ द्या. कोरडी खाल्लीत तर दिवसभर पाणी पाणी होतं. सोबत एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही, आणि एक केळं. ज्वारी हळूहळू पचते, म्हणून भूक उशिरा लागते. साखर घातलेला शिरा किंवा नुसता ब्रेड खाल्ला तर दहा-अकरालाच पोट रिकामं वाटतं. आपली शेंगा चटणी कितीही जीव की प्राण असली तरी सहरीला नको, त्यातलं मीठ-तिखट तहान वाढवतं. लोणचं, पापड, फरसाण यांचंही तसंच. हे सगळं रात्रीच्या जेवणाला खुशाल घ्या.

चहावाल्यांना पहिल्या दिवशी दुपारी डोकं ठणकतं. ते भुकेने नाही, चहा तुटल्यामुळे. रोजा धरायच्या आठवडाभर आधीपासून रोज एकेक कप कमी करत या.

पहिला रोजा सुट्टीच्या दिवशी धरू नका. घरी बसलं की वेळ जात नाही आणि स्वयंपाकघर समोर असतं. कामाचा दिवस बरा. रमजानमध्ये तिकडे कामाचे तास सगळ्यांसाठीच दोनने कमी होतात. अवघड बैठका सकाळी उरका, दुपारी वीस मिनिटं डोळे मिटा, व्यायाम इफ्तारनंतरच करा. इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या तासात गाडी चालवणं टाळा. सगळे घाईत असतात आणि थकलेलेही. त्याच काळजीपोटी सिग्नलला स्वयंसेवक खजूर-पाण्याची पाकिटं वाटतात. रस्त्यातच अजान झाली तर ते घ्या, संकोच नको.

इफ्तारला कुणाकडे जायचं असेल तर १५-२० मिनिटं आधी पोचा. जाताना खजूर किंवा फळं न्या. आधी खजूर (एक किंवा तीन), मग पाणी. त्यानंतर बाकीचे मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजला उठतात. तुम्ही शांत बसून राहा, नमाजचे फोटो काढू नका. ही दहा मिनिटं पोटालाही हवीच असतात. रिकाम्या पोटावर आधी भजी-सामोसे हाणले तर रात्रभर जळजळ होते. तुम्ही शाकाहारी असाल तर ‘हरीस’ जपून. दिसायला ती गव्हाची साधी, पांढुरकी लापशी दिसते, पण त्यात मांस शिजवून गव्हाबरोबर एकजीव घोटलेलं असतं, चमच्याला तुकडा लागत नाही. डाळीच्या सूपातही कधी मटणाचं पाणी असतं. सरळ विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

एक गोष्ट मात्र विचारायची नाही. सोबतची एखादी बाई पाणी पिताना दिसली तर “आज रोजा नाही का?” म्हणू नका. पाळीच्या दिवसांत रोजा धरत नाहीत, ते दिवस नंतर भरून काढतात. आजारी आणि प्रवासातल्या माणसालाही सूट आहे.

तुम्हाला मधुमेह असेल, विशेषतः इन्सुलिन चालू असेल, दिवस गेले असतील किंवा गोळ्या वेळेवर घ्याव्या लागत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. दरदरून थंड घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथल्या तिथे साखरपाणी घ्या. ज्यांना रोजा फर्ज (धर्माने बंधनकारक) आहे, त्यांनाही जिवावर बेतत असताना तो सोडायची मुभा आहे, मग तुम्ही ताणून धरायचं काहीच कारण नाही.

ईदला सोलापूरला यायचा बेत असेल तर तिकीट जपून काढा. चंद्रदर्शनावर सगळं ठरतं आणि आपल्याकडची ईद बहुतेकदा आखातानंतर एक दिवसाने येते. रोजा असतानाच विमानात असाल तर दुबईचं घड्याळ पाहू नका, मुंबईचंही नको. आपल्या खिडकीतून सूर्य पूर्ण मावळलेला दिसला की सोडायचा. पूर्वेकडे येताना तो लवकर मावळतो, परत जाताना उशिरा. परतीच्या दिवशी पर्समध्ये चार खजूर टाकून ठेवा.