तालुका कोर्टातून विधानसभेत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं चालवतो, शिवाय सरकारी वकिलांच्या पॅनेलवर आहे. विधानसभा लढवायची तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, परत करावी लागते का? आणि पॅनेलचं काय?

उत्तर : सनदेला धक्का लागत नाही. आमदार-खासदारांच्या वकिलीवर बंदी घाला, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये फेटाळली. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा 49 क्रमांकाचा नियम आहे. पण आमदार हा कुणाचा नोकर नव्हे, त्यामुळे वेतन-भत्ते घेतले तरी तो या नियमात बसत नाही.

खरी काळजी पॅनेलची करा. संविधानाच्या अनुच्छेद 191 प्रमाणे सरकारकडचं लाभाचं पद, म्हणजे आर्थिक फायदा देणारं पद, धारण करणारा आमदारकीला अपात्र ठरतो. कांता कथुरिया 1967 साली राजस्थान विधानसभेवर निवडून आल्या. लवादापुढच्या एका प्रकरणात राज्याची बाजू मांडायला त्यांना विशेष सरकारी वकील नेमलेलं होतं, तेवढ्यावरून उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात त्या वाचल्या, पण तिथेही न्यायमूर्तींमध्ये दुमत होतं, आणि मधल्या काळात असं पद अपात्रतेचं नाही, असा मागच्या तारखेपासून लागू होणारा कायदाही राज्याने केला. एका प्रकरणापुरत्या नेमणुकीचं एवढं झालं! राज्याच्या अपात्रता निवारण कायद्याच्या अनुसूचीतल्या पदांमुळे आमदार अपात्र ठरत नाही; त्यात तुमचं पद आहे का, ते आधी पाहा. नसेल किंवा शंका असेल तर अर्ज भरण्यापूर्वीच राजीनामा द्या आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात घ्या. नुसती पोच पुरत नाही. पात्रता छाननीच्या दिवशी तपासली जाते, त्या दिवशी पद तुमच्याकडे नसलं पाहिजे.

प्रश्न : अर्ज कशामुळे बाद होतात?

उत्तर : वकील उमेदवार इथेच गाफील राहतात; कागद आपल्या रोजच्या सवयीचा, असं त्यांना वाटतं. मालमत्ता, देणी वगैरे जाहीर करायच्या नमुना 26 च्या शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहाच. दुकानभाड्याची थकबाकी असो की पत्नीच्या नावची जमीन, सगळं त्यात आलं पाहिजे. रकाना कोरा राहिला तर निवडणूक निर्णय अधिकारी आठवण देतो, तरीही भरला नाही तर अर्ज फेटाळता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

दुसरी चूक शपथेची. उमेदवाराची शपथ अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यावी लागते. अर्ज दिला की तिथेच शपथ घ्या आणि दाखला घेऊनच बाहेर पडा. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक. सूचकांचे मतदार यादीतले भाग आणि अनुक्रमांक ताज्या यादीवरून स्वतः ताडून घ्या. बाहेरच्या मतदारसंघातला सूचक घातला की पूर्ण दहा भरत नाहीत. एखादा सूचक अंगठा लावणार असेल तर त्याला अधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. तुमचं नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीचा प्रमाणित उतारा जोडा.

अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5,000. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात 40 लाख. हिशेब निकालापासून 30 दिवसांत द्यायचा. हरलेले उमेदवार हे विसरतात आणि आयोगाकडून तीन वर्षं अपात्र ठरू शकतात.

प्रश्न : निवडून आल्यावर कोर्ट आणि सभागृह दोन्ही जमतं का? गणपतराव देशमुखांनी कसं केलं?

उत्तर : सांगोल्यात वकिली केलेले गणपतराव 1962 साली शेतकरी कामगार पक्षाकडून पहिल्यांदा निवडून आले. 1972 आणि 1995 मध्ये हरले, तरी 2014 पर्यंत एकूण अकरा वेळा सांगोल्याने त्यांना विधानसभेत पाठवलं. दुष्काळी तालुक्याचं पाणी, रोजगार हमी, सहकारी सूतगिरणी हे त्यांचं काम होतं. एका मतदारसंघाशी आणि एका पक्षाशी इतकी वर्षं असं घट्ट राहणं फार थोड्यांना जमलं, आणि तालुक्यातल्या वकिलाने अभ्यासावी अशी कारकीर्द हीच.

आजच्या घडीला अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. त्या दिवसांत उलटतपासणी लागली तर तारखा मागत बसावं लागतं आणि पक्षकार हवालदिल होतो. म्हणून वकीलपत्रात पहिल्यापासून सहकारी वकिलाचं नाव घाला. दाव्याची तयारी ठेवणारा ज्युनिअर नसेल तर नवी फौजदारी कामं घेऊ नका. परवानगीशिवाय 60 दिवस सभागृहाच्या सगळ्या बैठकांना गैरहजर राहिलात तर जागा रिक्त घोषित होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

न्यायप्रविष्ट, म्हणजे कोर्टात चालू असलेली, बाब सभागृहात मांडता येत नाही, ही अडचण फारसं कुणी सांगत नाही. तालुक्यातल्या भूसंपादनाची याचिका तुम्ही स्वतः दाखल केलीत की त्याच विषयावरचा तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना नाकारली जाऊ शकते. म्हणजे शंभर शेतकऱ्यांचं वकीलपत्र घेऊन तुम्ही त्यांच्या आमदाराचं तोंड बंद करता. अशा प्रकरणात कोर्टाचं काम दुसऱ्या वकिलाकडे सोपवूनही हा अडथळा सुटत नाही, कारण तो प्रकरणामुळे येतो, वकिलामुळे नाही. तेव्हा याचिका टाकायच्या आधीच्या अधिवेशनात प्रश्न लावून सरकारचं लेखी उत्तर मिळवा. पुढे कोर्टात जावं लागलं तर तेच उत्तर याचिकेला जोडता येतं.