मोस्ट वॉन्टेडमध्ये हीट ५ ला सरळ हायवेने पळालं तर पोलिसांपासून सुटता येतं का?

तुम्ही विचारलंय की 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड' या गाड्यांच्या रेसच्या गेममध्ये (जुना, २००५ चा) हीट, म्हणजे पोलीस किती जोरात मागे लागलेत त्याची पातळी, ५ झाली की पोलीस पिच्छाच सोडत नाहीत, भाऊ म्हणतो हायवेला लाग आणि नायट्रो मारत सरळ पळ, तर हे खरंच चालतं का.

नाही चालत. तुमचा भाऊ चुकतोय. माझाही चुकत होता, आणि अजून कबूल करत नाही, म्हणून तर लिहायला बसले.

हीट ५ ला मागे लागतात त्या पोलिसांच्या कॉर्व्हेट गाड्या. गाडीत काय हवं ते बसवा, सरळ रस्त्यावर त्या मागे पडत नाहीत. जरा लांब गेल्यासारखं वाटतं आणि आरशात पुन्हा त्याच. त्यात समोरून राइनो येतात, त्या जाडजूड एसयूव्ही, थेट तोंडावर आदळायला. वर हेलिकॉप्टर. पुढे नाकाबंदी, तिच्यात खिळ्यांची पट्टी. तुम्ही ज्या वेगाने पळताय त्याच वेगाने ती पट्टी तुमच्याकडे येतेय, मग फट शोधणार कधी? या गेममध्ये पोलिसांपासून सुटणं म्हणजे लांब जाणं नव्हे, दिसेनासं होणं. एवढं एक वाक्य माझ्या दादाला पटलं असतं तर मिंगची गॅलार्डो (तिची गोष्ट पुढे सांगते) आज गॅरेजमध्ये असती.

आमच्याकडे एकच कॉम्प्युटर आणि गेमचं एकच प्रोफाइल होतं, दादाच्या नावाचं. ब्लॅकलिस्टमधल्या (एकेक करून हरवायच्या रेसरांच्या यादीतल्या) पुढच्या माणसाला आव्हान द्यायचं तर तीन गोष्टी लागतात, हे तुम्हाला माहीतच आहे: रेस जिंका, माइलस्टोन (ठरवून दिलेली कामं) पुरे करा आणि बाउंटी (पोलिसांना छळल्याबद्दल मिळणारे गुण) जमवा. दादाला फक्त रेस आवडायच्या. पाठलाग त्याला कंटाळवाणे वाटायचे, खरं तर जमत नव्हते. मग वाटणी ठरली. रेस तो खेळणार, बाउंटी मी जमवणार. म्हणजे नाव त्याचं, गाड्या त्याच्या, आणि पोलिसांचा मार खायला मी! तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण मला पाठलागच आवडायचे. पोलिसांचा रेडिओ ऐकत गाडी चालवण्यात जी मजा आहे ती रेसमध्ये नाही. नाकाबंदी लावतायत, पट्टी टाकतायत, सगळं ते स्वतःच सांगत असतात. दादा आवाज बंद करून खेळायचा. त्यावरून ओळखा.

सहाव्या नंबरच्या मिंगला हरवल्यावर मार्कर (बक्षिसाच्या चिठ्ठ्या) निवडायची वेळ आली. सहातले दोन उचलायचे, त्यातले तीन झाकलेले. दादाने डोळे मिटून एक उचलला आणि पिंक स्लिप निघाली, म्हणजे हरलेल्याची गाडीच आपली. मिंगची लॅम्बोर्गिनी गॅलार्डो, त्याच्याच रंगरंगोटीसकट. साधी गॅलार्डो गेममधल्या दुकानात विकत मिळते, पण मिंगची ती मिंगचीच. दादा दोन दिवस नुसता तिचा कॅमेरा गोल फिरवत बसला होता.

त्यानंतर पाचव्या नंबरच्या वेबस्टरसाठी बाउंटी हवी होती. त्याने मला बसवलं आणि म्हणाला, "हिच्यावरच कर, लवकर होईल." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे तो असं काही म्हणालाच नव्हता असं ठरलं.

मी सुरू करण्याआधी गाडीचे स्ट्राइक पाहिले. पकडले गेलात की गाडीवर एक स्ट्राइक, तीन झाले की गाडी जप्त. तीनातले दोन भरलेले होते. दोन! दादा आजही शपथेवर सांगतो की एकच होता. दोन दिवसांत दोनदा पकडला गेला होता तो, दोन्ही वेळा हायवेवर. आणि जप्त गाडी सोडवायचा मार्कर? एक मिळाला होता, तो त्याने आधीच एका फुटकळ गाडीवर घालवला होता.

मी खेळले ते मात्र झकास खेळले. हीट जितकी वर तितकी बाउंटी भरभर वाढते, म्हणून मुद्दाम पाचपर्यंत नेली. नाकाबंदीतल्या गाडीला मागच्या बाजूने, डिकीकडून धडक द्यायची. पुढच्या बाजूला इंजिनाचं वजन असतं, मागची बाजू भिंगरीसारखी फिरते. धडकेच्या क्षणी स्पीडब्रेकर (रस्त्यावरचा उंचवटा नव्हे, तो वेळ मंदावणारा) दाबायचा, त्यात तुमची गाडी जड होते. लहान नकाशावरचे लाल त्रिकोण बघून पेट्रोल पंपाचं छत नाहीतर तो भलामोठा डोनट मागच्यांच्या डोक्यावर पाडायचा. मी हे सगळं केलं. आणि मागे थोड्याच गाड्या उरल्या की कुमक यायला किती वेळ आहे ते स्क्रीनवर दिसतं, तेवढ्या फटीत उरलेल्या निकालात काढून सटकायचं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या फटीत आहे. बहुतेक लोक ती फट सरळ पळण्यात वाया घालवतात.

मी नाही घालवली. गेममधल्या रोझवूड भागातल्या गोल्फ मैदानात घुसले. हेलिकॉप्टरचं इंधन संपून ते आधीच गेलं होतं. कूलडाउन (पोलीस शोधत फिरतात आणि आपण दिसायचं नाही तो वेळ) सुरू झालं, नकाशावर लपायच्या जागा उमटल्या, त्यातली जवळची धरून गाडी उभी केली आणि बोटं उचलून घेतली. अशा जागेत स्क्रीनवरची कूलडाउनची पट्टी लवकर भरते, आणि भरली की सुटलात. दोन कॉर्व्हेट समोरून निघून गेल्या. मी श्वास रोखून बसलेले. पट्टीचा नखाएवढा तुकडा राहिला होता.

तेवढ्यात दादा आत आला. पडद्यावर उभी गाडी बघितली आणि ओरडला, "थांबलीस कशाला, गधडे! पळ!" आणि माझ्या खांद्यावरून हात घालून त्याने स्वतः वरचा बाण दाबला.

गॅलार्डो झाडीतून सुटली ती तिसऱ्या कॉर्व्हेटच्या पुढ्यात. पट्टी शून्यावर. पुढचं काय सांगू. मी वळवत होते, तो दाबत होता, हँडब्रेकच्या स्पेसबारवर दोघांचे अंगठे. (आणखी एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. साध्या कीबोर्डवर ठरावीक तीन बटणं एकदम दाबली तर तिसरं लागतच नाही. वरचा बाण, डावा बाण आणि स्पेस हे त्यातलंच एक त्रिकूट असू शकतं. तुमचा हँडब्रेक ऐन वळणावर लागत नसेल तर आधी हे तपासा आणि बटणं बदलून घ्या. मला कित्येक महिने वाटत होतं की माझीच बोटं अडखळतात. तसं वाटायला दादाचीही मदत होतीच.) खिळ्यांच्या पट्टीवर चारही टायर गेले, चहूबाजूंनी घेरलं, पकडले जाण्याची लाल पट्टी भरली. तिसरा स्ट्राइक. दादाने कॉम्प्युटरच्या स्विचकडे झेप घेतली, पण ऑटोसेव्ह त्याच्याआधी पोहोचला. त्या पाठलागाची बाउंटीही गेली, कारण सुटलात तरच ती खात्यात जमा होते.

तेव्हापासून घरात मी 'गाडी घालवणारी'. दादा बत्तिशी दाखवत पाहुण्यांना सांगतो. वेबस्टरपासून पहिल्या नंबरच्या रेझरपर्यंतची सगळी बाउंटी कोणी जमवली हे सांगत नाही. रेझरला हरवल्यावर गेममधल्या रॉकपोर्ट शहराचं अख्खं पोलीसदल मागे लागतं आणि शेवटी तुटक्या पुलावरून उडी मारायची असते, तो पाठलाग कोणी खेळला? मीच. त्याने खुर्ची रिकामी करून दिली आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. माझ्या दृष्टीने ती कबुली आहे. त्याच्या दृष्टीने नाही.

असो. तुमच्याविषयी. हीट ५ ला सुटण्यापेक्षा तिथवर न जाणं सोपं. हीट गाडीला चिकटते, तुम्हाला नाही. रंग, बॉडी किट, चाकं बदललीत की ती उतरते, किंवा सरळ दुसरी गाडी काढा. बाउंटीसाठी अशी गाडी वापरा की जप्त झाली तरी डोळ्यांत पाणी येणार नाही. पिंक स्लिपची गाडी पाठलागाला नेणं हा गाढवपणा आहे, मग ते कोणीही सांगितलेलं असो. तो बसच्या टपावर चढून बसायचा डाव आहे ना, जिथे पोलिसांना पोहोचता येत नाही आणि ते खाली गोल गोल फिरत राहतात, तो चालतो. दादा त्याला चीटिंग म्हणतो. स्विच बंद करायला धावणारा माणूस चीटिंगवर बोलतो याचं मला नेहमी नवल वाटतं.

हेही सांगायला हवं की हायवे अगदीच निरुपयोगी नाही. हीट १-२ ला, साध्या पोलिसगाड्या मागे असताना, सरळ पळून सुटता येतं. दादाची समजूत तिथेच तयार झाली असणार, तेवढं त्याच्या बाजूने. आणि तुम्ही २०१२ चा मोस्ट वॉन्टेड खेळत असाल तर वरचं बरंचसं लागू नाही. त्यात दुरुस्तीच्या गॅरेजमधून गाडी नुसती आरपार काढली की रंग बदलतो आणि हीट उतरते. २०१९ च्या 'नीड फॉर स्पीड: हीट' या गेममध्ये रात्री पेट्रोल पंपावर गाडी दुरुस्त होते, पण एका रात्रीत तीनदाच, ते मोजून वापरा.

तुमच्या गाडीवर आत्ता किती स्ट्राइक आहेत ते लिहिलं नाहीत. आणि सेव्ह भावाच्या नावावर असेल तर खेळायला बसण्याआधी स्ट्राइकच्या चौकोनांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माझ्याकडे तेव्हा मोबाइल नव्हता.