फुग्यावर काँक्रीट चढवून घुमटाचं घर बांधता येतं का?

तुम्ही विचारलंय की कर्जतच्या जागेत हवेच्या फुग्यावर २० फुटी गोल घर बांधायचं आहे, मुंबईतला कोणी कंत्राटदार ते करेल का आणि सेंटरिंगचा, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत ते धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या साच्याचा आणि टेकूंचा, खर्च खरंच वाचतो का.

वाचतो. मी मुंबईत आरसीसी डिझाइन करतो. घुमटाला प्लायचं शटरिंग (तोच साचा) म्हणजे सुताराची भरपूर मजुरी, वर कापलेला प्लाय वाया.

इटलीच्या दांते बिनी यांनी १९६४ मध्ये बोलोन्याजवळ सळ्या आणि ओलं काँक्रीट जमिनीवर पसरून खालून हवा भरली आणि सगळा घुमट एकदम उभा केला. अफाट काम! तुम्ही मात्र त्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेत सत्तरच्या दशकात सुरू झालेली पद्धत घ्या: फुगा आधी फुगवायचा, आतून पॉलियुरेथेन फोम मारायचा, त्यावर सळ्या बांधायच्या आणि आतूनच शॉटक्रीट, म्हणजे नळीतून जोरात फवारलेलं काँक्रीट, मारायचं. फुगा बाहेरून कायम राहतो. घुमटाचा कंत्राटदार शोधत बसू नका. मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला गनायटिंग (असंच सिमेंटचा माल फवारण्याचं काम) करणारे आहेत, त्यातला हात बसलेला नोझलवाला, म्हणजे फवाऱ्याची नळी धरणारा, गाठा.

खरी गोम हवेच्या दाबात आहे. १० सेंटिमीटर ओल्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो. ते एकाच दमात चढवायचं तर आतला दाब त्याहून जास्त लागेल, आणि तोच दाब फुग्याला वर उचलेल. तुमच्या घराचा व्यास २० फूट धरला तर तळ साधारण २९ चौरस मीटर, म्हणजे ओढ ७ टनांच्या वर! म्हणून रिंग बीम (घुमटाच्या तळाची गोल काँक्रीटची तुळई) जड ठेवा, फुग्याची कड लोखंडी पट्टीखाली बोल्टने आवळा आणि माल पातळ थरांत मारा. आधीचा थर घट्ट झाला की पुढचा; मग इतका दाब लागत नाही. दाब बघायला पारदर्शक नळीचा यू करून त्यात पाणी भरा, १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. ब्लोअर क्षणभरही थांबता कामा नये, त्यामुळे दुसरा ब्लोअर आणि जनरेटर जोडून तयार ठेवा. काम दिवाळीनंतर काढा.

आकार अर्धगोलाच्या जवळ ठेवा. चपटा घुमट शेंड्याकडे आत दबू शकतो, तेव्हा या दबण्याचा, म्हणजे बकलिंगचा, हिशोब कन्सल्टंटकडून लेखी घ्या. दार-खिडक्यांच्या जागा सळ्या बांधण्याआधी ठरवा आणि त्यांच्या कडेने जादा सळ्या घाला. नंतर कटर लावून भोकं पाडू देऊ नका.